सन्मानपत्र मिळाले, हजेरीचे काय?

आमच्या शहरातील महापालिकेने मध्यंतरी समाजसेवेबद्दल काही स्वयंसेवकांचा जाहीर सत्कार केला. शाल, श्रीफळ, सन्मानपत्र, फोटो, भाषणे; सारे रीतसर पार पडले. सत्कारमूर्तींमध्ये आमच्या वस्तीतील एक ताई होत्या. दुसऱ्या दिवशी त्या सन्मानपत्र घेऊन माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "वकीलसाहेब, हा कागद कोर्टात चालेल का?"

ताई नऊ वर्षे रोज पहाटे वस्तीतील गल्ल्या आणि गटारे साफ करतात. कागदोपत्री मात्र त्या कामगार नाहीत, एका संस्थेच्या 'स्वयंसेविका' आहेत. पगार नाही, मानधन आहे. रजा नाही, भविष्य निर्वाह निधी नाही. महापालिकेचा शिक्का असलेला त्यांच्या नावाचा पहिला कागद म्हणजे हे सन्मानपत्र!

स्वयंसेवेला आमचा विरोध कसा असेल? ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखोंच्या रांगा सांभाळणारे समता सैनिक दलाचे सैनिक, वस्तीत अभ्यासिका चालविणारे तरुण हे खरे स्वयंसेवक. त्यांचा सन्मान झालाच पाहिजे. कारण ते आपला वेळ स्वखुशीने देतात. पण ज्या श्रमावर घरची चूल पेटते, त्या श्रमाला 'सेवा' म्हणून मजुरी बुडविणे म्हणजे न दिलेले घेणे होय. पंचशीलातील दुसरे शील नेमके याच्याच विरुद्ध आहे.

हा प्रकार एका शहरापुरता नाही. मुंबईत दत्तक वस्ती योजना आली, २०१३ मध्ये तिचे स्वच्छ मुंबई प्रबोधन अभियान झाले. झोपडपट्ट्यांची सफाई स्थानिक संस्थांच्या 'स्वयंसेवकां'कडे, मानधनावर! वास्तविक मुंबईबाहेरील महापालिकांसाठी असलेल्या १९४९ च्या अधिनियमाचे कलम ६३ सफाईला महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य ठरविते. कर्तव्य महापालिकेचे आणि सेवा गरिबाची, हा कुठला न्याय? आणि हा झाडू बहुतेक वेळा कोणाच्या हाती असतो, हे या वाचकांना सांगायला नको.

ताईंना मी सांगितले, कागद चालेल, पण एकटा पुरणार नाही. वर्षात २४० दिवस काम केल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी कामगाराची, नुसते प्रतिज्ञापत्र पुरेसे नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली म्हटले. हजेरीपट मालकाच्या कपाटात आणि पुराव्याचे ओझे झाडूवालीच्या डोक्यावर!

तरीही लढाई जिंकता येते. कचरा वाहतूक श्रमिक संघाने मुंबई महापालिकेविरुद्ध ती जिंकून दाखविली. सुमारे २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा आदेश औद्योगिक न्यायाधिकरणाने २०१४ मध्ये दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने ७ एप्रिल २०१७ रोजी तो उचलून धरला. हे टाळ्यांनी झाले नाही, संघटनेने आणि जपून ठेवलेल्या कागदांनी झाले. बाबासाहेबांनी मुंबईत म्युनिसिपल कामगार संघ उभारला तो याचसाठी.

म्हणून कार्यकर्त्यांना विनंती आहे. सत्काराच्या फोटोत जरूर उभे राहा. पण त्याच आठवड्यात वस्तीतील प्रत्येक 'स्वयंसेविके'चे ओळखपत्र, हजेरी कार्ड, बँकेचे पासबुक यांच्या झेरॉक्स काढून फाईल करा. कागद नसतील तर रोजच्या कामाची वही घाला. आणि पुढच्या सत्काराच्या वेळी व्यासपीठावरूनच महापौरांना विचारा : साहेब, शाल मिळाली, हजेरीपट कधी मिळणार?

जयभीम!