शेंगदाण्याचा रस्सा आणि शेजारधर्म

मराठी घरात उपवास म्हटला की शेंगदाण्याचे कूट आधी निघते. साबुदाण्याच्या खिचडीत तेच आणि भगरीबरोबरच्या आमटीतही तेच. आफ्रिकेच्या पश्चिम टोकावरच्या सेनेगल देशात रमजानच्या रात्रीही शेंगदाणे शिजतात, पण तिथे ते मटणाच्या रश्श्यात पडतात. या रश्श्याला ‘माफे’ म्हणतात. शेजारच्या माली देशातल्या बांबारा भाषेत त्याचे नाव ‘तिगादेगेना’. ‘तिगा’ म्हणजे शेंगदाणा, ‘देगे’ म्हणजे वाटण आणि ‘ना’ म्हणजे रस्सा. नावातच निम्मी कृती आली.

सेनेगलमध्ये इफ्तारला ‘न्डोगू’ म्हणतात. मगरिबची अजान झाली की खजूर, पाव आणि ‘काफे तुबा’ ही मसालेदार कॉफी. मुख्य जेवण त्यानंतर, सावकाश.

माफे आपल्या स्वयंपाकघरातही सहज जमतो. अर्धा किलो बोकडाचे मटण, दोन कांदे, सात-आठ लसूण पाकळ्या, दोन टोमॅटो, दोन मोठे चमचे टोमॅटो प्युरी आणि दीडशे ग्रॅम शेंगदाणे घ्यावेत. शेंगदाणे भाजून, साले काढून, तेल सुटून लोण्यासारखे होईपर्यंत वाटावेत. कोरडे कूट इथे चालत नाही. मटणाला मीठ-मिरपूड लावून ते तेलात तांबूस परतावे. मग कांदा, लसूण, टोमॅटो आणि प्युरी घालावी. प्युरीचा रंग गडद होईपर्यंत परतणे महत्त्वाचे, नाहीतर रस्सा आंबट लागतो. लिटरभर गरम पाणी ओतून मटण पाऊण शिजू द्यावे. वाटण थोड्या रश्श्यात कालवून आत सोडावे. बरोबर गाजर, रताळे आणि कोबीचे मोठे तुकडे, शिवाय एक अख्खी मिरची, न फोडता. ज्याला तिखट हवे, त्याने ती आपल्या पानात फोडावी.

आंच मंदच हवी. शेंगदाणा तळाला लागतो, म्हणून उलथने तळापासून फिरवत राहावे. स्वयंपाक करणाऱ्याचा रोजा असेल तर चव पाहता येत नाही. मीठ हात राखून घालावे आणि खूण डोळ्यांनी ओळखावी. वर लालसर तेलाचा तवंग आला की माफे झाला. तर्री ओळखणाऱ्या मराठी माणसाला हे वेगळे सांगायला नको. तो वाढायचा भातावर.

या भातामागे आणि शेंगदाण्यामागे मोठा इतिहास आहे. भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेचा. पोर्तुगीज व्यापाऱ्यांबरोबर तो आफ्रिकेत आला. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधल्या साबणाच्या कारखान्यांना तेल हवे होते, म्हणून सेनेगलची जमीन भुईमुगाखाली आली. तो बंदरापर्यंत नेण्यासाठी १८८५ मध्ये डाकार ते सेंट लुई रेल्वे सुरू झाली. या रेल्वेला विरोध करणारा कायोरचा राजा लात जोर पुढच्याच वर्षी फ्रेंचांशी लढताना मारला गेला. सूफी संत शेख अहमदू बंबा यांना फ्रेंचांनी १८९५ मध्ये गॅबनला हद्दपार केले. ते परतले १९०२ मध्ये. पुढे त्यांच्याच मुरीदांनी मेहनतीला इबादत मानून भुईमुगाची शेते पिकवली.

शेतात भुईमूग आला, तसे पोटासाठी धान्य बाहेरून आणावे लागले. फ्रेंचांनी इंडोचायनातून तुकडा तांदूळ आणला आणि सेनेगलला त्याची सवय लागली. अलीकडे हा तांदूळ मोठ्या प्रमाणात भारतातून जातो. सप्टेंबर २०२२ मध्ये भारताने तुकडा तांदळाची निर्यात थांबवली, तेव्हा त्याची झळ तिथल्या चुलीपर्यंत पोहोचली. नंतर सेनेगलसाठी खास सवलत देण्यात आली. आपल्याकडे स्वस्तातला समजला जाणारा तांदूळ तिथे पाहुण्याच्या ताटात मानाने बसतो.

ताटही एकच. चटईवर मोठे भांडे ठेवून त्याभोवती सगळे बसतात, आपल्याकडच्या बोहरा कुटुंबांच्या थाळासारखे. मधले मटण घरातली बाई तोडून प्रत्येकापुढे सरकवते. आपल्या पुढ्यातले खायचे, दुसऱ्याच्या घासावर हात टाकायचा नाही.

सेनेगलमध्ये नव्वद टक्क्यांहून अधिक लोक मुस्लिम आहेत. तरी १९६० मध्ये स्वतंत्र झालेल्या या देशाचे पहिले अध्यक्ष लिओपोल्ड सेंघोर कॅथलिक होते आणि ते वीस वर्षे त्या पदावर राहिले. या सलोख्याची मुळे स्वयंपाकघरातही आहेत. गुड फ्रायडेला ख्रिस्ती घरांत ‘न्गालाख’ करतात. बाजरीच्या वाफवलेल्या कण्या, शेंगदाण्याचे वाटण, साखर आणि गोरखचिंचेचा आंबट गर कालवून केलेला हा गोड पदार्थ मुस्लिम शेजाऱ्यांकडे भांडी भरभरून जातो. बकरी ईदला त्याच घरांकडे कुर्बानीचे मटण येते. २०२२, २०२३ आणि २०२४ अशी सलग तीन वर्षे गुड फ्रायडे रमजानमध्येच आला. दिवसा दारात आलेला न्गालाख रोजेदारांच्या तोंडी पडायचा तो सूर्य मावळल्यावर.

आपल्याकडे ईदला शिरखुर्म्याचा डबा शेजारी जातो आणि दिवाळीत त्याच डब्यातून चकल्या परत येतात. शेजाऱ्याचे भांडे रिकामे परत करू नये, हे आपल्याकडच्या आयांना कुणी पुस्तकातून शिकवलेले नाही. सेनेगलच्या आयांनाही नाही.