जास्त तेल, जास्त ताप

ट्रकच्या मागच्या अ‍ॅक्सलच्या हाउसिंगमध्ये ऑइल भरायची रीत सोपी आहे. बाजूचा लेव्हल प्लग काढायचा, भोकातून तेल ओघळू लागेपर्यंत भरायचं आणि प्लग आवळायचा. काही गाडीमालकांचं एवढ्यावर समाधान होत नाही. ‘घाटात जायचंय भाऊ, अजून अर्धा लिटर ढकला की,’ असा आग्रह सुरू होतो. जाणता मेकॅनिक दाद देत नाही. एखादा गाडी कलती उभी करून वरचं अर्धा लिटर घालतोही. मग ब्रीदरमधून फेस येतो, सिलातून तेल गळतं आणि हाउसिंग असं तापतं की हात लाववत नाही.

तेल जास्त तर घर्षण कमी, हा हिशेब बरोबर वाटतो खरा. पण गिअरच्या दातावर दात घासू नये म्हणून तेलाचा जो थर लागतो, त्याची जाडी मायक्रॉनच्या आसपास असते. बाकीचं तेल मुख्यतः उष्णता वाहून न्यायला. त्या तेलात बुडालेलं क्राउन, म्हणजे हाउसिंगमधलं मोठं दातेरी चाक, प्रत्येक फेऱ्यात ते उचलतं, भिंतीवर फेकतं, पुन्हा बुडतं. ताक घुसळावं तसंच हे, फक्त लोण्याऐवजी उष्णता निघते, आणि घुसळण्याची ताकद इंजिनच्या खिशातून जाते. तेल जितकं वर, तितकं क्राउन जास्त बुडणार आणि तितकी वसुली मोठी.

या वसुलीची गंमत म्हणजे ती वजन बघत नाही. ट्रक रिकामा असो की उसाने भरलेला, वेग तोच असेल तर घुसळण्याचा खर्च जवळपास तोच. दातांच्या घासण्यातला तोटा मात्र भाराबरोबर वाढतो. म्हणून पूर्ण भारावर चालणाऱ्या गिअरबॉक्समध्ये घुसळण दुर्लक्षिली तरी चालून जातं; हलक्या भारावर तीच मोठी दिसू लागते. साताऱ्याच्या पठारावरच्या गिअरबॉक्सवाल्या पवनचक्क्या मंद वाऱ्यात फिरतात, तेव्हा हाच हिशेब लागू होतो. वीज थोडीच बनते, पण गिअरबॉक्स आपला वाटा फारसा कमी करत नाही.

तेल पातळ केलं की प्रश्न सुटेल, असं वाटतं. थंडीच्या पहाटे, तेल घट्ट असताना, ते बऱ्याच अंशी खरंही आहे. पण वेग वाढला की तेलाच्या चिकटपणापेक्षा त्याचं जडत्व महत्त्वाचं ठरतं. लढाई घट्टपणाशी उरत नाही, जड द्रव सतत ढकलण्याशी होते. फ्रान्समधल्या शांजने आणि वेलेक्स या संशोधकांनी 2007 च्या सुमारास या घुसळणीची पद्धतशीर मोजमापं केली. त्यातलं मला सर्वात आवडलेलं निरीक्षण असं, की गिअरच्या कडेला भिंत जवळ आणली तर तोटा कमी होऊ शकतो. अडचण वाढवल्यावर काम सोपं व्हावं, हे पटायला वेळ लागतो. पण भिंत जवळ असली की गिअरच्या बाजूने हलणाऱ्या तेलाचं प्रमाणच घटतं.

वेग आणखी वाढला की तेलात बुडवणं सोडून द्यावं लागतं. मग तेलाची पिचकारी थेट दातांवर मारतात आणि खाली जमलेलं तेल पंपाने लगेच उपसून काढतात. तरी सुटका नाही, कारण आता वारा आडवा येतो. 200 मिलिमीटर व्यासाचा गिअर मिनिटाला 10 हजार फेरे घेत असेल, तर त्याच्या दातांचा वेग ताशी सुमारे 375 किलोमीटर होतो. दोन दातांमधली प्रत्येक खाच पंख्याच्या पात्यासारखी वागते: बाजूने हवा ओढते, परिघावरून बाहेर फेकते. यात जाणारी ताकद साधारण वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट, तर तोटा आठपट. व्यासाचा हिशेब त्याहून कडक. फेरे तेवढेच ठेवून व्यास दुप्पट केला, तर तोटा सुमारे 32 पट!

शिवाय ती हवा नुसती हवा नसते. पिचकारीच्या तेलाचं धुकं तिच्यात मिसळलेलं असतं. नासाच्या अँडरसन आणि लोवेन्थाल यांनी वाऱ्याच्या तोट्याच्या आपल्या सूत्रासाठी 34.25 भाग हवेला 1 भाग तेल असं मिश्रण धरलं होतं. हे मिश्रण साध्या हवेपेक्षा वीस पटींहून जड भरतं. ब्रिटनमधल्या पी. एच. डॉसन यांनी 1984 मध्ये मोठ्या, वेगवान गिअरवरची मोजमापं प्रसिद्ध केली. तिथेही उपाय भिंतीचाच निघाला: गिअरभोवती अगदी जवळून आवरण घातलं की वाऱ्याचा तोटा बराच घटतो. मात्र आवरणातून तेलाला बाहेर पडायला नीट वाट हवी, नाहीतर ते आतच अडकून पुन्हा घुसळण सुरू.

ही कसरत मोठ्या प्रमाणावर दिसते ती प्रॅट अँड व्हिटनीच्या गिअरवाल्या विमान-इंजिनात. इंडिगोच्या अनेक ए-320 निओ विमानांना हेच इंजिन आहे. पुढचा पंखा टर्बाइनच्या साधारण एक-तृतीयांश वेगाने फिरावा म्हणून मध्ये गिअरबॉक्स बसवलाय. त्यातून सुमारे 30 हजार अश्वशक्ती जाते. एक टक्का जरी वाया गेला तरी 300 अश्वशक्तीची उष्णता झाली, आणि ती काढायला मोठा कूलर, म्हणजे वजन, म्हणजे पुन्हा इंधन. त्यामुळे दातांतून निघालेलं तेल रेंगाळू न देण्याची सोय रचनेतच आहे. बाहेरचं दातेरी कडं दोन भागांत आहे. त्यांच्या मधल्या वाटेने तेल बाहेर उडतं आणि भोवतीच्या पन्हाळीत पडतं.

पण तेल काढून टाकण्याला सीमा आहे, हे हेलिकॉप्टरवाल्यांइतकं कुणाला ठाऊक नसेल. तेल संपलं की घुसळण थांबते, वाराही हलका होतो. पण उष्णता नेणारंच कोणी उरत नाही आणि दात तापून सोलवटू लागतात. मार्च 2009 मध्ये कॅनडाच्या न्यूफाउंडलंडजवळ तेलविहिरींकडे निघालेल्या एका सिकोर्स्की एस-92 च्या मुख्य गिअरबॉक्समधलं तेल वाटेत गेलं. अवघ्या अकराएक मिनिटांत ते हेलिकॉप्टर समुद्रात कोसळलं आणि 17 जण गेले. मोठ्या प्रवासी हेलिकॉप्टरचा गिअरबॉक्स तेल गेल्यावर किमान 30 मिनिटं तग धरतो का, याची चाचणी त्यानंतर पुन्हा तपासली गेली आणि नियम आणखी कडक झाले.