गुलमर्गला जेवावें कोठें ?

काश्मीरहून परतलेल्या मनुष्यास आपण पहिला प्रश्न करतों तो बर्फाविषयीं. दुसरा, थोड्या हळू आवाजांत, ‘‘जेवणाचें काय केलेंत?’’ हिवाळ्यांत आपल्याकडील बरीच मंडळी स्की पायांस बांधून घसरण्याच्या हौसेनें गुलमर्गला जातात. त्यांच्यासाठीं या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर आज देणार आहें.

गुलमर्ग हें श्रीनगरपासून सुमारें ५० किलोमीटरवर, २६५० मीटर उंचीवरचें कुरण. इंग्रजांनीं १९२७ सालीं येथें स्की क्लब काढला. तारेवरून चालणारा ‘गंडोला’ १९९८ सालीं कोंगदूरीपर्यंत, म्हणजे सुमारें ३१०० मीटरपर्यंत, सुरू झाला आणि २००५ सालीं अफरवत डोंगरावर, ३९०० मीटरच्याही वर, जाऊन पोंचला.

हे आंकडे सांगण्याचें कारण स्वयंपाकाशीं निगडित आहे. समुद्रकांठीं पाणी १०० अंशांवर उकळतें. गुलमर्गला तें ९१ अंशांच्या आसपास उकळूं लागतें, कोंगदूरीला ९० च्या. भांडें खळखळतें, वाफ येते, परंतु आंतला राजमा कच्चाच राहतो. एका खानावळींत मीं असा राजमा चावून पाहिला आहे. तेव्हांपासून मी पदार्थांची यादी मागण्यापूर्वीं प्रेशर कुकरची शिट्टी ऐकूं येते कीं नाहीं तें पाहतों !

तंदुरांत भाजलेल्या रोटीला मात्र उकळत्या पाण्याची अडचण नाहीं. म्हणून सकाळची न्याहारी वाटेवरच्या टंगमर्गलाच करावी, असें माझें मत आहे. बर्फ फार पडला कीं येथें चाकांना साखळ्या बांधलेली दुसरी गाडी घ्यावी लागते. तेवढा वेळ बाजारांत काढावा. काश्मिरी भटारी, ज्याला तेथें ‘कांदुर’ म्हणतात, तंदुरांतून गिरदा नांवाची गोल रोटी काढून देतो. तिच्याबरोबर नून चहा घ्यावा. हा चहा खारट असतो. चहाची पानें सोडा घालून फार वेळ उकळतात, मग दूध आणि मीठ घालतात. त्यानें रंग गुलाबी होतो. पहिल्या घोटास आपली जीभ बिचकते. दुसऱ्या दिवशीं तीच तो मागते.

दुपारीं कोंगदूरीवर असाल तर तेथील टपऱ्यांत मॅगी मिळते. तिला हंसूं नये. ती कारखान्यांतच शिजवून तळलेली असल्यामुळें नव्वद अंशांच्या पाण्यांतही दोन-चार मिनिटांत मऊ होते. अफरवतच्या स्थानकावर जेवणाची आशाच धरूं नये. खिशांत बदाम-अक्रोड ठेवावेत. खालीं कुरणांत उतरल्यावर गंडोलाच्या स्थानकाजवळ साधे ढाबे आहेत. जेथें घसरगाडी ओढणारे आणि वाटाडे भात खात बसले असतील तेथें बसावें. त्यांना रोज जेवावयाचें असतें, त्यामुळें तेथला भात शिजलेला असतो. शिवाय आपला पैसा जवळच्याच घरांत जातो. भाव मात्र आधीं विचारावा.

वाझवानाचा मोह दुपारीं आवरावा. मांसाचे एकामागून एक पदार्थ पोटांत गेल्यावर विरळ हवेंत घसरणें म्हणजे फजितीला आमंत्रण; माझी झाली आहे. तें रात्रीचें जेवण होय. चांगल्या हॉटेलांत आदल्या दिवशीं सांगून ठेवावें. चौघांनीं मिळून एका मोठ्या ताटांत, म्हणजे त्रामींत, जेवण्याची तेथील रीत आहे. दगडावर लांकडी हातोडीनें कुटलेल्या मांसाचे गोळे तांबड्या रश्शांत आले तर ती रिस्ता. दह्याच्या पांढऱ्या रश्शांत आले तर गुश्ताबा, आणि गुश्ताबा आला म्हणजे जेवण संपलें असें समजावें. शाकाहारी मंडळींनीं खट्टू होऊं नये. दह्यांत शिजवलेला नदरू, म्हणजे कमळाचा देंठ, आणि हाख नांवाची पालेभाजी हे पदार्थ पाहुण्याची समजूत घालण्यासाठीं केलेले नसून काश्मिरी घरांतलें रोजचें अन्न आहे. शेवटीं केशर-वेलची घातलेला कहवा.

परततांना श्रीनगरांत एक सकाळ राखून ठेवावी. हिवाळ्यांत जुन्या शहरांत हरीसा मिळतो : मटण आणि तांदूळ रात्रभर मंदाग्नीवर शिजवून, घोटून एकजीव केलेले, वर कढत तेल. पण अंथरुणांत लोळत पडूं नये. उशीर झाला तर पातेलें रिकामें झालेलें असतें.