सात वाचला की पंचावन्न?

साध्या मजकुराच्या फाइलीत इंग्रजी आकड्यात सात लिहून ठेवा आणि सी भाषेतल्या प्रोग्रॅमला ते एक अक्षर वाचून त्याची किंमत छापायला सांगा. पडद्यावर ५५ उमटतं. नवशिक्याला वाटतं संगणक चुकला. पण फाइलीत संख्या नव्हतीच, होता तो एका चिन्हाचा कोड. १९६३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या आस्की मानकात शून्याच्या चिन्हाला ४८ क्रमांक मिळाला, एकाला ४९, नवाला ५७. म्हणून एक आणि दोन ही चिन्हं वाचून तशीच मिळवली, तर बेरीज ९९ येते.

४८ हा आकडा कुणी डोळे मिटून निवडलेला नाही. द्विमान पद्धतीत तो ११०००० असा लिहितात आणि ५५ हा ११०१११. शेवटचे चार बिट पाहा: ०१११, म्हणजे सात! चिन्हाच्या पोटातच त्याची किंमत ठेवणारी ही आखणी मला फार देखणी वाटते. कोडमधून ४८ वजा करा, अंक हाती येतो. पुढे प्रत्येक नव्या अंकाआधी जुन्या उत्तराला दहाने गुणून नवा अंक त्यात मिळवत जायचं: १, मग १२, मग १२५. पायथॉन भाषेतलं 'इंट' फंक्शन हे काम आपल्यासाठी गुपचूप करतं.

खरी परीक्षा देवनागरीत आहे. युनिकोडमध्ये आपले अंक २४०६ ते २४१५ या क्रमांकांवर बसतात, ७ चा क्रमांक २४१३. यूटीएफ-८ फाइलीत तो २२४, १६५, १७३ अशा तीन बाइटांत साठवला जातो. बाइटगणिक ४८ वजा करणाऱ्या प्रोग्रॅमला त्यातून १७६, ११७ आणि १२५ असा निरर्थक ऐवज मिळतो. वास्तविक कोणत्या चिन्हाची अंक म्हणून किंमत किती, हे युनिकोडने नोंदवून ठेवलं आहे. पायथॉन ती नोंद मानतो, त्यामुळे त्याचं 'इंट' देवनागरी ७ ला सातच समजतं. जावास्क्रिप्टचं 'नंबर' मात्र त्याच चिन्हाला 'ही संख्या नव्हे' असं उत्तर देतं. म्हणजे वय देवनागरीत भरलेला अर्ज सर्व्हरवरच्या पायथॉनला चालला असता, तरी ब्राउझरमधली तपासणी तो अलीकडेच अडवू शकते. मराठी माणसांसाठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने ०पासून ९पर्यंतचे आपले अंक टाकून ही तपासणी पहिल्याच दिवशी करून पाहायला हवी.