जंत, दमा आणि पंप

पुण्याच्या बुधवार पेठेतल्या एखाद्या जुन्या वाड्यात पोराची छाती वाजू लागली की घरात दोन मतं पडतात. एक जुनं: "जंत झालेत, औषध द्या, दमा जाईल." दुसरं मोबाइलवरून आलेलं: "पोटात जंत असले की दमा होत नाही, फार स्वच्छता नडते." दोन्हींत सत्याचा थोडा अंश आहे आणि दोन्हींपायी मुलांचे उपचार लांबतात.

गोल जंताची अंडी न धुतलेल्या भाजीतून किंवा मातीने माखलेल्या हातांतून पोटात जातात. आतड्यात अळी बाहेर पडते, भिंत भेदून रक्तावाटे यकृतात आणि तिथून फुप्फुसात पोचते. काही दिवस तिथे वाढून ती श्वासनळीने घशापर्यंत चढते, थुंकीबरोबर गिळली जाते आणि परत आतड्यात येऊन मोठी होते. फुप्फुसातल्या मुक्कामात कोरडा खोकला, घरघर, कधी ताप येतो. रक्तातल्या इओसिनोफिल पेशी वाढतात. या वेळी शौचाच्या तपासणीत बहुधा काहीच सापडत नाही, कारण अंडी घालणारी मादी तयार व्हायला दोनेक महिने लागतात. पण हा त्रास साधारण दोन-तीन आठवड्यांत ओसरतो. दमा वर्षानुवर्षं उलटत राहतो. तो जंतांच्या गोळीने जात नाही.

आता दुसरं मत. २००६ साली अनेक देशांतले अभ्यास एकत्र तपासले गेले. हुकवर्म जातीचे जंत असलेल्यांत दम्याची शक्यता निम्म्यावर दिसली, गोल जंत असलेल्यांत मात्र ती वाढलेली! मग इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी दम्याच्या ३२ रुग्णांपैकी निम्म्यांच्या त्वचेवर हुकवर्मच्या दहा-दहा अळ्या सोडून पाहिल्या. २०१० साली निष्कर्ष आला: दम्यात लक्षणीय फरक नाही. हुकवर्म आतड्यातून रक्त शोषतो. आधीच रक्त कमी असलेल्या आपल्या मुलांच्या पोटात तो राहू द्या, असं सांगणं मला अक्षम्य वाटतं. जंत काढले तर दमा उफाळेल ही भीतीही नको. इक्वेडोरमध्ये शाळकरी मुलांना वर्षभर दर दोन महिन्यांनी अल्बेंडाझोल दिलं, तरी दमा वाढला नाही.

वाड्यात खरं पाहायचं ते वेगळंच असतं: भिंतींची ओल, गाद्यांच्या धुळीतले सूक्ष्म किडे, मोरीतली झुरळं. या किड्यांत, झुरळांत आणि गोल जंतात ट्रोपोमायोसिन नावाचं बरंचसं सारखं प्रथिन असतं. त्यामुळे जंतांशी लढलेलं शरीर धुळीलाही चिडू शकतं, आणि ॲलर्जीच्या चाचणीचा अर्थ डॉक्टरांनीच लावलेला बरा.

जंतांच्या औषधाने धाप जात नाही, याला एक अपवाद मात्र विसरू नये. हत्तीरोगाच्या कृमींमुळेही रात्रीचा खोकला आणि दम्यासारखी धाप लागते. इओसिनोफिल तीन हजारांच्या वर जातात आणि डीईसी गोळ्यांनी आराम पडतो. विदर्भातून, विशेषतः गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा भागातून पुण्यात आलेल्यांनी आपलं गाव डॉक्टरांना आवर्जून सांगावं.

राष्ट्रीय जंतनाशक दिनी, १० फेब्रुवारीला, शाळा-अंगणवाडीत एक ते एकोणीस वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोल मोफत मिळतं. ते जरूर द्या, आणि डॉक्टरांनी दम्याचा रोजचा पंप (इन्हेलर) सांगितला असेल तर तो त्या दिवशीही चुकवू नका.