घरातलं इंटरनेट, लेखांक ७ : नेट बंद असतानाही उघडणारं पान

परवा रात्री नवाच्या सुमारास शेजारच्या काकूंचा फोन आला. "अगं, तो एकशे ब्याण्णववाला नंबर टाकला, तर भलत्याच साइटा उघडतायत. एक म्हणते आमचं अ‍ॅप घ्या, दुसरी म्हणते तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहे." गेल्या आठवड्याचा लेख वाचून त्यांनी राउटरच्या डब्यावरचे दिवे तपासले होते. सगळे हिरवे निघाले, त्यामुळे हुरूप वाढला आणि आता त्यांना वायफायचा पासवर्ड बदलायचा होता. नातवाचे निम्मे मित्र खाली पार्किंगमध्ये बसून आपलंच नेट वापरतात, अशी त्यांची ठाम समजूत होती.

जाऊन पाहिलं. १९२.१६८.१.१ हा राउटरच्या पानाचा पत्ता त्यांनी गुगलच्या चौकटीत लिहिला होता, आणि शेवटच्या एकाच्या जागी इंग्रजी एल पडला होता. बारीक अक्षरात एल आणि एक जुळ्या भावांसारखे दिसतात, त्यात काकूंचा वाचायचा चष्मा देवघरात राहिलेला. एक अक्षर चुकलं की ब्राउझर त्याला पत्ता मानत नाही, शोधायचा शब्द मानतो. ही चूक इतके लोक करतात, की त्या चुकीच्या नावानेच पानं थाटून जाहिरातींवर पोट भरणाऱ्या साइटा निघाल्या आहेत. काकू त्यातल्याच एकीच्या दारात उभ्या होत्या.

आजचा लेख या एका पत्त्याबद्दल आहे. तो नीट टाइप कसा करायचा हे दोन ओळींत सांगता येतं. पण तो पत्ता कुठला, हे एकदा कळलं की पुढच्या निम्म्या अडचणी आपल्या आपल्याला सुटतात.

राउटरचं सेटिंगचं पान इंटरनेटवर नसतं. ते त्या डब्यात असतं. टीव्हीच्या वर खिळ्याला लटकलेला तो डबा म्हणजे एक छोटा संगणकच, आणि त्याच्या पोटात एक छोटी वेबसाइट कायमची बसवलेली असते. आपण पत्ता टाकतो तेव्हा आपला फोन बाहेर कुठेही जात नाही, समोरच्या भिंतीपर्यंत जाऊन परत येतो. म्हणून नेट साफ बंद असलं तरी हे पान उघडतं. काकूंचा यावर विश्वास बसेना, तेव्हा मी डब्यात शिरणारी फायबरची पिवळी तार हलक्या हाताने काढून दाखवली. लाल दिवा लागला, व्हॉट्सअ‍ॅप थांबलं, आणि पान मात्र उघडलं. (ही तार काचेची असते. तिला पीळ देऊ नका आणि तिच्या टोकाला बोट लावू नका.) तक्रार नोंदवण्याआधी घरच्या घरी करता येणारी ही सगळ्यात स्वस्त तपासणी आहे. पान उघडत असेल, तर तुमच्या फोनपासून डब्यापर्यंतचा रस्ता ठीक आहे आणि बिघाड डब्यात तरी आहे किंवा त्याच्या पलीकडे. पानच उघडत नसेल, तर आधी घरात शोधा.

आता तो आकडा. इंटरनेटच्या जुन्या पत्तापद्धतीत एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. हे पुरणार नाहीत, हे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीलाच तज्ज्ञांना दिसू लागलं होतं. तेव्हा त्यांनी काही पत्ते बाजूला काढून ठेवले : हे बाहेर कुणाचेच नाहीत, घरात नाहीतर कचेरीत कुणीही वापरावेत, फक्त उंबऱ्याच्या आत. फेब्रुवारी १९९६ मध्ये 'आरएफसी १९१८' या दस्तऐवजाने या वाटणीला आजचं रूप दिलं. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू होऊन, म्हणजे विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी ते खुलं करून, तेव्हा जेमतेम सहा महिने झाले होते. बाजूला काढलेल्या तीन गटांपैकी सगळ्यात लहान गट १९२.१६८ ने सुरू होतो. त्यात ६५,५३६ पत्ते आहेत आणि घरगुती डबे बहुधा याच गटातले असतात.

काकूंना मी हे आजीवरून समजावलं. घराघरात एक आजी असते. "जा, आजीला विचार" म्हटल्यावर कुठलंही पोर "कुठली आजी?" असं विचारत नाही, कारण घरात आजी म्हणजे आपली आजी. पण तोच शब्द पोस्टाच्या पाकिटावर लिहून टाका, पत्र कुठेही पोचणार नाही. १९२.१६८.१.१ हा असा 'आजी' शब्द आहे. लाखो घरांत तोच, आणि प्रत्येक घरात वेगळ्याच डब्याकडे नेणारा. बाहेरच्या जगाशी बोलताना हा डबा सगळ्या घराच्या वतीने एकच पत्ता पुढे करतो आणि आलेलं उत्तर कुणाचं होतं ते लक्षात ठेवून ज्याचं त्याला देतो. त्याविषयी लेखांक ४ मध्ये सविस्तर आलं आहे.

आता आजी सगळ्या घरी असली, तरी प्रत्येक घरी तिला आजीच म्हणतात असं नाही. एअरटेलच्या डब्यांत साधारण १९२.१६८.१.१ असतो, जिओफायबरमध्ये १९२.१६८.२९.१, डी-लिंक आणि टीपी-लिंकच्या बऱ्याच राउटरमध्ये १९२.१६८.०.१. अंदाज बांधण्यापेक्षा फोनलाच विचारावं. आयफोनमध्ये वायफायच्या यादीत आपल्या नावापुढच्या 'आय' या गोल खुणेवर बोट ठेवलं, की खाली 'राउटर' असं लिहून पत्ता दिलेला असतो. अँड्रॉइडमध्ये ही माहिती प्रत्येक कंपनीने वेगळ्या कपाटात ठेवली आहे, पण जोडलेल्या वायफायच्या तपशिलात 'गेटवे' हा शब्द शोधला की सापडते. विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग हा शब्द इंग्रजीत सलग लिहा आणि एंटर दाबा. 'डिफॉल्ट गेटवे'समोर असेल तो पत्ता.

मग तो ब्राउझरच्या अगदी वरच्या पट्टीत टाकायचा, मधल्या शोधाच्या चौकटीत नाही. आकडे इंग्रजी कळफलकावरून घ्या. मी इथे देवनागरीत छापलेत ते तुमच्या डोळ्यांसाठी, ब्राउझरसाठी नव्हे. शेवटी टिंब नको. तरीही गुगलच उघडत असेल, तर सुरुवातीला एचटीटीपी, मग कोलन, मग दोन तिरप्या रेघा जोडा. फोनवरून करत असाल तर मोबाइल डेटा आणि व्हीपीएन बंद करा. नेट नसलेलं वायफाय दिसलं की हुशार फोन गुपचूप मोबाइल डेटावर उडी मारतो, आणि तिथे आजी नसते.

पान उघडायच्या आधी बहुतेकदा ब्राउझर घाबरवतो : हे ठिकाण सुरक्षित नाही. काकूंनी फोन तिथेच खाली ठेवला. ही सूचना खोटी नाही, पण तिचं कारण साधं आहे. पत्त्याशेजारी दिसणाऱ्या सुरक्षिततेच्या खुणेमागे एक प्रमाणपत्र असतं : या नावाचं ठिकाण जगात एकच आहे आणि ते हेच. घराघरातल्या आजीला असा दाखला कोण देणार? तेव्हा आपल्याच घरात, आपल्याच डब्यापुढे ही सूचना आली तर पुढे जायला हरकत नाही. हीच सूचना बँकेच्या पानावर आली तर मात्र पाऊल मागे घ्यायचं.

यापुढे नाव आणि पासवर्ड मागतात, आणि लोक इथे गोंधळतात. वायफायचा पासवर्ड वेगळा आणि या पानाचा वेगळा. पहिला पाहुण्यालाही देतो आपण. दुसरा म्हणजे किल्ल्यांचा जुडगा. तो बहुधा डब्याखालच्या कागदी पट्टीवर छापलेला असतो. काकूंचा डबा बसवणाऱ्या मुलाने ती पट्टी भिंतीकडे करून डबा स्क्रूने पक्का केला होता. फोनचा कॅमेरा फटीत सारून अंदाजाने चार फोटो काढले. तीन फोटोंत कोळिष्टकं आली, चौथ्यात पट्टी. दोन्ही रकान्यांत एकच शब्द : अ‍ॅडमिन. काही कंपन्या ग्राहकाला मर्यादित अधिकारांचंच खातं देतात किंवा स्वतःच्या अ‍ॅपमधूनच बदल करू देतात. तसं असेल तर डब्याशी झटापट न करता त्यांच्या मदतकेंद्राला फोन करावा.

'अ‍ॅडमिन, अ‍ॅडमिन' असाच ठेवला तर बिघडतं काय, असं काकूंनी विचारलं. बिघडलेलं आहे. जुलै २०१७ मध्ये बीएसएनएलच्या ब्रॉडबँड ग्राहकांच्या मोडेमवर मालवेअरचा हल्ला झाला. मूळ पासवर्ड तसाच राहिलेले मोडेम त्यात सापडले, आणि पासवर्ड बदला असं कंपनीला ग्राहकांना सांगावं लागलं. त्याआधीचं डीएनएसचेंजरचं प्रकरण मला जास्त बोलकं वाटतं, कारण त्यात काही बंद पडलं नव्हतं. साइटचं नाव दिलं की तिचा आकडी पत्ता सांगणारी जी यंत्रणा, ती डीएनएस. पत्ता कुणाला विचारायचा, हे संगणकात आणि राउटरमध्ये लिहिलेलं असतं. डीएनएसचेंजर पसरवणाऱ्या टोळीचा हा प्रोग्रॅम संगणकात शिरला, की तिथली ती नोंद बदलून स्वतःचा माणूस बसवायचा, आणि घरातल्या राउटरवरही नेहमीचे मूळ पासवर्ड लावून बघायचा. एखादा राउटर हाती लागला, की घरातला प्रत्येक फोन, प्रत्येक लॅपटॉप त्या ठगालाच रस्ता विचारणार. नोव्हेंबर २०११ मध्ये एस्टोनियात सहा जणांना अटक झाली. अमेरिकेच्या एफबीआयच्या हिशोबाने शंभराहून अधिक देशांतले ४० लाख संगणक बाधित होते. गंमत अशी, की ठगांची यंत्रणा एकदम बंद केली असती तर या सगळ्यांचं इंटरनेट ठप्प झालं असतं. म्हणून न्यायालयाच्या परवानगीने तिच्या जागी भले सर्व्हर बसवून ते ९ जुलै २०१२ पर्यंत चालू ठेवावे लागले.

ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून सगळ्या उपकरणांना सरसकट एकच सोपा पासवर्ड घालून ती विकण्यावर कायद्याने बंदी आहे. काकूंच्या भिंतीवरचा डबा त्या कायद्याच्या हद्दीत येत नाही, म्हणून हे काम आपणच करायचं.

आत शिरल्यावर आधी काहीही बदलू नका. दिसेल त्या प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा, विशेषतः 'वॅन' किंवा 'इंटरनेट' नावाच्या पानाचा. आणि डब्यामागचं टाचणीएवढं भोक टोचण्याचा मोह आवरा. यूट्यूबवर सगळे तेच सांगतात. ते भोक दहाएक सेकंद दाबलं की पासवर्ड तर पुसला जातोच, पण बऱ्याच जोडण्यांत कंपनीने भरलेलं तुमचं ग्राहकनाव आणि इतर आकडेही जातात. मग दिवे लागलेला पण मुका डबा घेऊन माणूस येण्याची वाट पाहायची. गेल्या दिवाळीत मी स्वतः हे केलं आहे. तीन दिवस.

क्रमही ठरलेला बरा. आधी पानाचा पासवर्ड, मग वायफायचा, कारण वायफायचा बदलला की तुमच्या फोनसकट सगळे बाहेर फेकले जातात. सुरक्षेच्या रकान्यात डब्लूपीए२ किंवा डब्लूपीए३ असू द्या. डब्लूपीएस बंद करा. त्याचा आठ आकडी गुप्तक्रमांक वाटतो तितका बळकट नाही. दोन तुकड्यांत तपासला जात असल्याने फार तर अकरा हजार प्रयत्नांत सापडतो, हे २०११ मध्येच उघड झालं होतं. बाहेरून डबा हाताळू देणारं 'रिमोट मॅनेजमेंट' चालू दिसलं तर तेही बंद.

पण काकूंना यातल्या कशातच रस नव्हता. त्यांना जोडलेल्या उपकरणांची यादी हवी होती, पार्किंगमधले चोर पकडायला. यादीत नऊ नावं निघाली. काकूंच्या हिशोबाने घरात चार गोष्टी होत्या. "बघ, मी म्हटलं नव्हतं?" अशी नजर. मग आम्ही एकेका वस्तूचं वायफाय बंद करत कोणती ओळ गळते ते पाहिलं. टीव्ही, सेट टॉप बॉक्स, काकांचा कपाटातला जुना फोन, प्रिंटर. दोन अनोळखी, नुसत्या आकडे-अक्षरांच्या ओळी होत्या, त्या काकूंचा फोन आणि नातवाचा टॅब निघाल्या. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून आणि २०२० च्या आयओएस १४ पासून उपकरणं वायफायला आपला खरा हार्डवेअर क्रमांक न सांगता एक बनावट क्रमांक सांगतात, माग काढता येऊ नये म्हणून. त्यामुळे यादीत घरचाच माणूस परका दिसतो. पुढे नातवाचा लॅपटॉप आणि काकांचा आताचा फोन जुळला. आठ झाले.

नववी ओळ काही केल्या गळेना. काकू खिडकीशी जाऊन पार्किंगमध्ये डोकावूनही आल्या. तिथे वॉचमन आणि एक मांजर होतं. मग माझ्या लक्षात आलं. खिशातून फोन काढून मी त्याचं वायफाय बंद केलं, आणि ओळ गेली. दोन वर्षांपूर्वी गणपतीत आरतीचा व्हिडिओ पाठवायला काकूंनीच मला पासवर्ड दिला होता.

नवा पासवर्ड त्यांनी स्वतः टाइप केला. मी तेवढा वेळ खिडकीकडे तोंड करून उभी होते. मग तो कुठे लिहावा यावर विचार झाला. कालनिर्णयावर नको, जानेवारीत रद्दीत जातं. शेवटी काकूंनी गॅसचं पुस्तक काढलं, मागच्या पानावर लिहिला, आणि पुस्तक पुन्हा डाळींच्या डब्यांमागे सरकवलं.

(पुढील आठवड्यात : वायफाय स्वयंपाकघरापर्यंत का पोचत नाही)