बॅटरीपासून दोन विती

उसाचा हंगाम सुरू झाला की निपाणी-संकेश्वर पट्ट्यात ट्रॅक्टर आधी ऐकू येतो आणि मग दिसतो. ड्रायव्हरच्या डोक्यावर स्पीकर, सीटमागे बूफर आणि मडगार्डच्या आडोशाला कुठेतरी ॲम्प, म्हणजे ॲम्प्लिफायर. कारवाल्यांचीही तीच तऱ्हा. डिकीत बूफर नसेल तर गाडी तवंदी घाट चढायला कुरकुरते, असा इथल्या पोरांचा समज असावा. तो समज निरुपद्रवी आहे, म्हणून सोडून देतो. दुसरा एक मात्र ऐकला की माझं डोकं फिरतं.

तो असा: "फ्यूज ॲम्पला वाचवायला असतो. ॲम्पवर कंपनीचा फ्यूज आहेच, मग बॅटरीजवळ आणखी एक कशाला?" आणि त्याचंच धाकटं भावंड: "सारखा उडतोय? मोठा घाल की मर्दा!"

परवा पुतण्या गाडी घेऊन आला. "काका, बेस वाढवला की सगळंच बंद पडतंय, जरा बघा की." बॉनेट उघडलं. बॅटरीच्या प्लसवरून एक लाल वायर निघाली होती आणि इंजिन व केबिनमधल्या पत्र्याला ड्रिलने पाडलेल्या भोकातून आत गेली होती. भोकाला रबरी ग्रोमेट नाही. पत्र्याची धार वायरीच्या सालीत रुतलेली. वायर जरा वळवली तर आतली तार चमकली. फ्यूज कुठे आहे, असं विचारलं तर तो थेट डिकीकडे गेला. ॲम्पपासून वीतभर अंतरावर होल्डर, होल्डरमध्ये काचेचा फ्यूज आणि त्या फ्यूजभोवती सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली. दोनदा उडाला म्हणून फिटिंगवाल्याने केलेला इलाज! निपाणीसारख्या तंबाखूच्या गावात फ्यूजही तंबाखूच्याच आश्रयाला.

आता शांतपणे सांगतो. गच्चीवरच्या टाकीतून पाइप खाली बाथरूमपर्यंत येतो. पाइप मध्येच फुटला तर बाथरूमचा नळ बंद करून पाणी थांबेल का? टाकीजवळचाच कॉक फिरवावा लागतो. गाडीत टाकी म्हणजे बॅटरी. तिथून डिकीपर्यंत चार-पाच मीटर वायर पत्र्यातून, कार्पेटखालून, सीटच्या पट्ट्यांशेजारून जाते. वाटेत कुठेही साल फाटून तार बॉडीला टेकली, की करंट बॅटरीतून निघतो, त्या जागी बॉडीत शिरतो आणि बॅटरीच्या मायनसला परत येतो. ॲम्पवरचा फ्यूज त्या वाटेवर लागतच नाही. तो डिकीत शाबूत बसतो आणि पुढे वायर जळते.

किती जळते, याचा हिशेब करू. छोट्या कारची चांगली बॅटरी शॉर्ट झाल्यावर काहीशे ॲम्पिअर सहज देते. ७०० धरा. ८ गेजच्या, म्हणजे साधारण ८.४ चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरीचा रोध मीटरला जेमतेम ०.००२ ओहम. करंटचा वर्ग गुणिले रोध: वायरीच्या प्रत्येक मीटरला सुमारे १,००० वॅट. म्हणजे कार्पेटखाली दर मीटरला एक चालू इस्त्री ठेवल्यासारखं. प्लास्टिकची साल, फोम, कार्पेट, सगळं पेट घेणारं. आणि हे बंद करायला बटण नाही.

म्हणून फ्यूज ॲम्पला नव्हे, वायरीला वाचवतो. त्याची जागा बॅटरीजवळ, कारण त्याच्या आधीचा वायरीचा तुकडा कुणाच्याच संरक्षणात नसतो. तो तुकडा १८ इंचांपेक्षा, म्हणजे ४५ सेंटिमीटरपेक्षा लांब नसावा, हा कार ऑडिओतला जुना आणि सर्वमान्य नियम. माझ्यावर विश्वास नसेल तर गाडी बनवणाऱ्यांवर ठेवा: कुठल्याही कारचं बॉनेट उघडा. बॅटरी पुढे असेल तर मुख्य फ्यूज बॉक्स बहुतेक वेळा तिच्या शेजारीच दिसेल. तो तिथे शोभेला ठेवलेला नाही.

ॲम्पवरचा कंपनीचा फ्यूज खोटा नाही. ॲम्पच्या पोटात बिघाड झाला तर तो कामाला येतो. दोघांची कामं वेगळी, इतकंच.

जागा कळली की आकारही कळतो. फ्यूज किती ॲम्पिअरचा, हे वायरीची जाडी ठरवते. ॲम्पच्या खोक्यावरचा आकडा नव्हे. ८ गेजच्या चांगल्या तांब्याच्या वायरीला ५०, ४ गेजला १०० ही सुरक्षित मापं. ॲम्पला त्याहून जास्त लागत असेल तर आधी वायर जाडी घ्या, मग फ्यूज वाढवा. उलट्या क्रमाने केलं तर वायरच फ्यूज होते, आणि ती विझवायला बादली लागते.

"पण फ्यूज उगाचच उडतो हो!" उगाच नाही उडत. गाडीत वापरतात तो पात्यांचा ब्लेड फ्यूज मानकाप्रमाणे ११० टक्के करंटवर १०० तास टिकावाच लागतो. दुप्पट करंटवर मात्र ५ सेकंदांच्या आत त्याला जावंच लागतं. इतका सहनशील प्राणी वारंवार मरत असेल तर दोष त्याचा नाही. चांदी गुंडाळणं म्हणजे ताप मोजला आणि थर्मामीटर फोडला.

मग पुतण्याची सिस्टीम बंद का पडत होती? वायरीचं टोक कापलं आणि ब्लेडने एक तार खरवडली. वरचा तांबूस मुलामा निघाला आणि खाली पांढरं ॲल्युमिनियम दिसलं. बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या बहुतेक किटांमध्ये अशीच वायर असते. तिचा रोध तांब्याच्या सुमारे दीडपट. ५ मीटर लांबीत ६० ॲम्पिअर ओढले तर खऱ्या ८ गेजमध्ये साधारण ०.६ व्होल्ट पडतं, हिच्यात ०.९ च्या पुढे. त्यात अर्थची वायर अगदीच बारीक, आणि तीही रंगावरच स्क्रू मारून बसवलेली. बेसचा ठोका पडला की व्होल्टेज कोसळतं आणि ॲम्प स्वतःला वाचवायला बंद होतो. यात बिचाऱ्या फ्यूजचा काय गुन्हा?

उरलेले समज झटपट उरकतो.

"माझा ॲम्प ३,००० वॅटचा आहे." त्यावरच्या फ्यूजची बेरीज करा. ३० चे दोन असतील तर ६० गुणिले १४.४ व्होल्ट, म्हणजे आत ८६४ वॅट जातात. डी क्लासचा ॲम्प ८० टक्के कार्यक्षम धरला तरी बाहेर ७०० च्या आतच. ३,००० वॅट कुठल्या घाटातून आणणार? प्रामाणिक आकडा हवा असेल तर सीईए-२००६ हे मानक बघा. २००३ पासून ते १४.४ व्होल्ट, ४ ओहम आणि १ टक्का विकृती या अटींवर शक्ती मोजायला सांगतं. ती मोजणी खोक्यावर नसेल तर मोठा आकडा ही नुसती छपाई आहे.

"कॅपॅसिटर लावला की हेडलाइट मंद होत नाहीत." १ फॅरडचा कॅपॅसिटर १४.४ वरून १२ व्होल्टवर येईतो जेमतेम ३२ ज्यूल देतो. ७०० वॅटच्या भाराला ते सेकंदाच्या विसाव्या भागात संपतात. कायमची तूट अल्टरनेटर आणि वायर भरून काढतात, चकचकीत नळकांडं नव्हे.

"अर्थला बारीक वायर चालते." प्लसने जितका करंट गेला तितकाच मायनसने परत येतो, म्हणून तीच जाडी, कमीत कमी लांबी, आणि रंग खरवडून उघड्या पत्र्यावर.

"गेज जास्त म्हणजे वायर जाड." उलट. ४ गेज ८ पेक्षा अडीचपट तांब्याची.

"दोन बूफर लावले की आवाज दुप्पट, बाकी काही नाही." ४ ओहमचे दोन समांतर जोडले की २ ओहम होतात, ॲम्पला ते झेपतं का, हे आधी वाचा.

"रिमोटची वायर सरळ बॅटरीला दिली तरी चालतं." चालतं, ॲम्प रात्रभर चालू ठेवून पहाटे गाडीला धक्का मारायची तयारी असेल तर.

"केए (कर्नाटक) पासिंगला महाराष्ट्रात कोण काय करतंय!" ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम केंद्राचे आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा राज्यांच्या सीमेवरच्या कोगनोळीच्या अलीकडे आणि पलीकडे तीच.

पुतण्याच्या गाडीला शेवटी ४ गेजची तांब्याची वायर घातली, पत्र्याच्या भोकाला ग्रोमेट बसवलं, अर्थसाठी सीटच्या बोल्टाखालचा रंग घासला आणि नवा फ्यूज पुढे बॅटरीजवळ बसवला. बेस वाढवला तरी आता काही बंद पडत नाही, ही शेजाऱ्यांच्या दृष्टीने वाईट बातमी. चांदी गुंडाळलेला जुना फ्यूज मी ठेवून घेतलाय. कुणी "मोठा घाल की" म्हणालं की टेबलावर ठेवतो.

तुमच्या गाडीत किंवा ट्रॅक्टरवर ॲम्प असेल तर आज एवढंच करा. इंजिन बंद करा, बॉनेट उघडा, बॅटरीच्या प्लसपासून लाल वायरीशेजारी वीत टाका. एक, दोन. दुसरी वीत संपायच्या आत फ्यूज लागला पाहिजे. नाही लागला, तर गाणं लावू नका.